सुटका झाली, पण मुक्ती झाली काय?

(चाकण-पिंपरी पट्ट्यातील गिरणीकामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एका शब्दाविषयी बोलायला उभे आहोत. तुम्ही म्हणाल, शब्दाने काय पोट भरते? बरोबर आहे, शब्दाने पोट भरत नाही. पण शब्दाने पोट मारता येते, हे तुमच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? ‘टाळेबंदी’ हा शब्दच होता. ‘स्वेच्छानिवृत्ती’ हाही शब्दच होता. तसाच एक शब्द आज आपल्या पट्ट्यात मोकाट फिरतो आहे. तो शब्द म्हणजे ‘मुक्त’.

मध्यंतरी एक तरुण आमच्याकडे आला. निलंग्याकडचा मुलगा. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटदाराच्या नावावर सात महिने राबला. त्याच्या हातात एक इंग्रजी पत्र होते. त्यातला एक शब्द त्याने मोबाईलवर घालून पाहिला, तर उत्तर आले, ‘मुक्त केलेला’. तो भाबडेपणाने विचारू लागला, “काका, कंत्राटातून मुक्त केलंय असं लिहिलंय. म्हणजे आता कंपनीनं मला कायम घेतलं का?”

आमच्या शेजारी परळच्या गिरणीत बावीस वर्षे साचे चालवलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी पत्र न वाचताच सांगितले, “पोरा, मुक्त केलं म्हणजे काढलं. आमच्या वेळी सरळ ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणायचे. आता गोड बोलतात, एवढाच फरक.”

मुलगा गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. ज्या शब्दासाठी आपल्या बापजाद्यांनी छातीवर गोळ्या घेतल्या, तोच शब्द कंत्राटदार पोराला हाकलायला वापरतो, आणि पोराला वाटते की आपले भले झाले! म्हणून आम्ही ठरवले, या शब्दाचा हिशेब एकदा कामगारांपुढे मांडायचा. मुक्ती कुणाची, कशापासून, कुणी दिली, आणि मिळाल्यावर हातात काय राहिले?

गिरणी सुटते आणि माणूस सुटतो

प्रथम आपल्याच बोलीकडे पाहू. ती पंडितांच्या कोशापेक्षा शहाणी आहे. भोंगा झाला की आपण म्हणायचो, “गिरणी सुटली.” पाळी सुटली, गाडी सुटली, शाळा सुटली. सुटायचे आणि परत भरायचे. गिरणी सुटते ती उद्या पुन्हा सुरू होण्यासाठी. ही झाली सुटका. घामाचे अंग घेऊन खोलीवर जायचे आणि सकाळी पुन्हा त्याच दारात उभे राहायचे.

दुसरा शब्द ‘सोडणे’. मालक सोडतो, पोलीस सोडतात, सावकार चार दिवस सोडतो. सोडणारा वेगळा आणि सुटणारा वेगळा. ज्याच्या हातात सोडणे असते, त्याच्याच हातात पुन्हा धरणेही असते. बदलीवाल्याला विचारा. रोज सकाळी पास घेऊन गेटावर उभे राहायचे. मुकादमाची मर्जी असेल तर आत, नाहीतर ‘सोडला’. तो त्या दिवशी मोकळा असायचा, पण त्याला मुक्त म्हणण्याची छाती कुणाची झाली असती?

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात धरा. मोकळा असणे म्हणजे मुक्त असणे नव्हे. साच्यावरच्या कापडातून एक धागा तुटून बाहेर आला, तर तो धागा मोकळा होतो खरा. त्याला ताण नाही, मार नाही. पण त्याचे होते काय? झाडूवाली त्याला कचऱ्यात लोटते. धाग्याला किंमत आहे ती ताण्याबाण्यात. आज कंत्राटी पोराला सांगतात, “तू कुणाला बांधलेला नाहीस, उद्या दुसरीकडे जा.” तो त्या तुटलेल्या धाग्याइतकाच मोकळा आहे.

इंद्रायणीचा दाखला

आपण बसलो आहोत तो मुलूख पाहा. एका अंगाला देहू, एका अंगाला आळंदी, मध्ये इंद्रायणी. मुक्ती हा शब्द या मातीत कारखान्यांच्या आधी शेकडो वर्षे रुजला. तेव्हा त्याचा अर्थ जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे असा होता. पण वारकऱ्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी ही एकट्याची मुक्ती फारशी मनावर घेतली नाही. तुकोबांनी देवाजवळ मुक्ती मागितली नाही, संतांची संगत मागितली, आणि त्यासाठी पुन्हा जन्म घ्यावा लागला तरी चालेल म्हणाले. चारचौघांना सोडून मी एकटाच तरून जाईन, हा विचार त्यांना नको होता. टाळकरी एकटा वारी करीत नाही, दिंडीतून करतो. युनियनचा पहिला धडा याहून वेगळा काय आहे?

तुकोबांची दुसरी गोष्ट तर आजच्या सावकाराला झोप लागू न देणारी आहे. घरी पिढीजात महाजनकी होती. दुष्काळात माणसे देशोधडीला लागली. तेव्हा तुकोबांनी लोकांकडून येणे असलेली खतपत्रे भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवून टाकली, अशी परंपरा सांगते. ध्यानात घ्या, त्यांनी कुळांना ‘माफ केले’ असे म्हटले नाही. त्यांनी कागदच बुडवला. कागद बुडाल्यावर पुन्हा मागायला कुणी येत नाही. ही झाली मुक्ती.

चाकणने शिकवलेला फरक

हाच फरक साडेतीनशे वर्षांनी याच पट्ट्यात पुन्हा उभा राहिला. चाकणची ओळख आज मोटारींच्या कारखान्यांची आहे. त्याआधी ती कांद्याच्या बाजाराची होती. तिथे आंबेठाणला जमीन घेऊन शरद जोशी शेती करू लागले. परदेशातली मोठी नोकरी सोडून आलेला हा माणूस कांदा पिकवायला लागला, आणि हिशेब घालून त्याला कळले की शेतकऱ्याचे कर्ज हे त्याच्या आळसाचे फळ नाही. पिकाला भाव मिळू दिला जात नाही, म्हणून कर्ज फिटत नाही. १९७८ पासून चाकणला कांद्याच्या भावाची झुंज सुरू झाली, आणि त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली.

या संघटनेने एक बारीकशी पण मोलाची गोष्ट केली. ‘कर्जमाफी’ हा शब्द तिने झिडकारला आणि ‘कर्जमुक्ती’ म्हणा असे बजावले. का बरे? माफी गुन्हेगाराला असते. आम्ही गुन्हा काय केला? भाव पाडून तुम्ही आम्हाला कर्जात लोटले, तेव्हा ते कर्ज आमच्या डोक्यावरून उतरवा. माफी मागणारा हात जोडून उभा राहतो, मुक्ती मागणारा ताठ उभा राहतो. शब्द बदलला आणि माणसाचा कणा सरळ झाला.

याच संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. गावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग कारभारणीच्या नावावर करायचा. भाषण नाही, साडीचोळी नाही. सातबाऱ्यावर बाईचे नाव! शेतकरी संघटनेची सगळी मते आम्हाला पटतात असे नाही. खुल्या बाजाराविषयी तिची मते आणि कामगार चळवळीची मते यांचे कधी जुळले नाही. पण मुक्ती म्हटल्यावर हातात काहीतरी पडले पाहिजे, कागदावर नाव चढले पाहिजे, हे चाकणच्या शेतकऱ्याने ओळखले. कामगाराने ते त्याच्याकडून शिकायला काय हरकत आहे?

फासावर गेले ते कशासाठी?

या पट्ट्याने राजकीय मुक्तीसाठीही रक्त सांडले आहे. चिंचवडचे चापेकर बंधू घ्या. पुण्यात १८९७ साली प्लेग होता आणि त्या नावाखाली गोऱ्या सोल्जरांनी घरात घुसून जुलूम मांडला होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. दामोदर १८९८ साली फासावर गेले, वासुदेव आणि बाळकृष्ण १८९९ साली. एका घरातले तीन भाऊ! चाकणच्या पुढे खेड. तिथले शिवराम हरी राजगुरू २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर फासावर गेले. गावाने आपले नाव बदलून राजगुरुनगर केले.

त्याच प्लेगच्या साली, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईत आणखी एक माणूस गेला. नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचे मूळ गाव खेड तालुक्यातले कन्हेरसर. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी. त्यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची संघटना बांधली. १८९० साली रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमवले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. प्लेगमध्ये कामगारांची शुश्रूषा करता करता लोखंडे त्याच रोगाने गेले.

चापेकरांच्या आणि राजगुरूंच्या स्मारकांना आम्ही हात जोडतो. पण रविवारी सकाळी पोराला मांडीवर घेऊन चहा पिता, तेव्हा लोखंड्यांचीही आठवण ठेवा. इंग्रज जाणे ही मुक्ती होती. आठवड्यातला एक दिवस आपला होणे, हीही मुक्तीच होती. तो दिवस मालकाने सोडला नाही, कामगाराने सोडवून घेतला.

गोवा आणि मराठवाडा

‘मुक्ती’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी सर्वांत मोठ्याने घुमला तो दोन लढ्यांत. एक हैदराबादचा, दुसरा गोव्याचा.

निजामाच्या राज्यात मराठवाडा होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. मराठी शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजेने निजामी राजवट संपवली. दिल्लीने या फौजी कारवाईला नाव दिले ‘पोलीस ॲक्शन’. मराठवाड्याने नाव दिले ‘मुक्तिसंग्राम’. एकच घटना, पण नावे दोन. पोलीस ॲक्शन म्हटले की कर्ता सरकार होतो, मुक्तिसंग्राम म्हटले की कर्ता जनता होते. आजही हे भांडण मिटलेले नाही. २०२२ साली १७ सप्टेंबरला केंद्र सरकारने हैदराबादेत ‘मुक्ती दिन’ पाळला आणि तेलंगणाच्या सरकारने त्याच शहरात तोच दिवस ‘एकात्मता दिन’ म्हणून पाळला. शब्द ज्याच्या हातात, इतिहास त्याच्या हातात!

पण आम्ही कडू गोष्टही लपवणार नाही. त्या पाच दिवसांनंतर मुक्तीचा जयजयकार चालू असताना अनेक गावांत निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगवला गेला. सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती चौकशीला धाडली, आणि तिचा अहवाल कित्येक वर्षे दडपून ठेवला गेला. रझाकारांचे पाप रझाकारांचे होते. ते शेजारच्या विणकराच्या आणि तेल्याच्या माथी मारण्याचा हक्क कुणालाच नव्हता. एकाची मुक्ती दुसऱ्याचे मरण होत असेल, तर ती मुक्ती अर्धीच म्हटली पाहिजे.

आता गोवा. १९५५ साली सत्याग्रहींच्या तुकड्या सरहद्द ओलांडून गेल्या. १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. शेवटी १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची फिरंगी सत्ता संपली. पण मोहन रानड्यांची कथा ऐका. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेला, लढ्यात उतरला, आणि १९५५ साली पकडला गेला. पोर्तुगीजांनी त्यांना लिस्बनच्या तुरुंगात नेऊन ठेवले. गोवा १९६१ साली मुक्त झाला, आणि गोव्यासाठी लढलेला माणूस १९६९ साली मुक्त झाला. मध्ये सात वर्षे! पणजीत तिरंगा फडकत होता, आणि रानडे परक्या देशाच्या कोठडीत होते. मुक्तीचा दिवस सगळ्यांसाठी एकाच तारखेला उजाडत नाही. ढोल वाजवताना अजून आत कोण राहिले आहे, हे मोजायला विसरू नका.

गोव्याचा आणखी एक धडा आहे, आणि तो आपल्या चळवळीला जरा झोंबणारा आहे. मुक्त झालेल्या गोव्याने पुढे कुठे जायचे? महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की वेगळे राहायचे? १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण आणि दीवच्या जनतेला हे मत विचारले गेले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने कौल विरुद्ध गेला. महाराष्ट्रातल्या पुष्कळांना वाईट वाटले. पण कौल लोकांचा होता. तो मानला गेला, आणि १९८७ साली गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले. मुक्तीचा अर्थ असाही आहे. मुक्त माणूस आपल्याला हवे तेच बोलेल असे नाही. त्याला विचारणे महत्त्वाचे.

बेळगावला कुणी विचारले?

गोव्याला विचारले. बेळगावला कुणी विचारले काय? १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली, आणि बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार हा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात ढकलला गेला. १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांना सीमाभाग आजही दरवर्षी वंदन करतो. महाजन आयोग झाला, त्याचा अहवाल १९६७ साली आला, आणि महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांसाठी ठराव केला. ठराव झाले, दावे झाले, आयोग झाले. पण जसा गोव्याच्या माणसापुढे मतपत्रिकेचा कागद ठेवला, तसा बेळगावच्या माणसापुढे एकदाही ठेवला नाही.

काहीजण विचारतात, “बेळगाव काय पोर्तुगीजांच्या ताब्यात आहे? तेही भारतातच आहे ना? मग मुक्ती कसली?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. ही परक्या सत्तेपासून मुक्ती नव्हे. कानडी बांधव आमचा शत्रू नव्हे. त्याच्या गिरणीत, त्याच्या मागावर आमचा माणूस काम करतो, आणि इचलकरंजीच्या मागावर त्याचा. प्रश्न एवढाच आहे, की माणसाला आपल्या गावचा कागद, कोर्टाचा हुकूम, पोराच्या शाळेचे पुस्तक आपल्या भाषेत मिळावे की नाही? निजामाच्या राज्यात मराठवाड्याचा शेतकरी कागद दुसऱ्याकडून वाचून घेत होता. आज चाकणमध्ये, मराठी राज्याच्या ऐन मध्यात, निलंग्याचा मुलगा आपल्याच बडतर्फीचा कागद मोबाईलला विचारतो! राजभाषेचा कायदा १९६४ सालचा. पण तो सरकारच्या कचेरीसाठी. कारखान्याच्या गेटाच्या आत मराठी कुठवर पोचली, हे तुम्हीच सांगा.

मुंबई मिळाली, गिरणगाव गेले

आता आपल्या घरची गोष्ट. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही आरोळी कुणी दिली? साचेखात्याने दिली, त्रासनखात्याने दिली. १९५५ च्या नोव्हेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत गोळ्या झेलणाऱ्यांत गिरणीकामगार होते. शंभराहून अधिक हुतात्मे झाले, आणि १ मे १९६० रोजी, कामगार दिनालाच, महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई दिल्लीच्या आणि भांडवलदारांच्या कचाट्यातून मुक्त झाली म्हणून लालबाग-परळला दिवाळी झाली.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढचे तुम्हाला सांगायला नको. कित्येकांनी गाव गाठले, कित्येकजण पोटासाठी इकडे आले. योगायोग पाहा, ज्या १९८२ साली गिरणगावचा भोंगा थांबला, त्याच साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. एका गावाचा धूर विझला, दुसऱ्याचा वाढला.

आणि गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले? १९९१ च्या नियमाने असे ठरले होते, की गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियमात फेरफार झाला आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचीच करायची असे ठरले. ज्या जमिनीवर शेड उभी होती, ती ‘मोकळी’ धरली गेली नाही. शेड पाडून तिथे टॉवर बांधला तरी नाही! २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो फेरफार मान्य केला. एका शब्दाने कामगाराच्या घराचा वाटा आकसला. जमीन बंधनातून मुक्त झाली, आणि तिच्यावर आयुष्य घालवलेला माणूस घरासाठी अर्जाची पावती जपत बसला.

तेव्हा बंधूंनो, मुंबई मिळवली ती खोटी होती काय? नाही, शंभरदा नाही! राज्य मिळाले म्हणून तर आज जाब कुणाला विचारायचा ते ठाऊक आहे. पण राज्य मिळणे म्हणजे दार उघडणे. दार उघडल्यावर आत कोण शिरले, हे पाहण्यात आपण कमी पडलो.

आजची मुक्ती कुणाची?

आज सगळेच ‘मुक्त’ आहे. गाव तंटामुक्त, शहर झोपडपट्टीमुक्त, बाजार मुक्त, व्यापार मुक्त. शहर झोपडपट्टीमुक्त झाले म्हणजे झोपडीतला माणूस कुठे गेला, हे कुणी सांगत नाही. ‘मुक्त’च्या आधी लागलेला शब्द नीट पाहा. कर्जमुक्तीत कर्ज जाते आणि माणूस राहतो. झोपडपट्टीमुक्तीत पुष्कळदा माणूसच जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. न्यायाने सांगायचे तर त्यांत काही चांगलेही आहे. नेमणुकीचे पत्र देणे बंधनकारक केले आहे, आणि मुदतीवरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. पण कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे. म्हणजे दोनशे नव्वद माणसांचा कारखाना त्या परवानगीतून मुक्त झाला. मुक्ती झाली खरी, पण कुणाची?

आणि आपल्या पट्ट्यात कंत्राटी पोराला दोनशे चाळीस दिवस भरायच्या आत ‘ब्रेक’ देण्याची रीत तुम्ही पाहता. नाव बदलते, कंत्राटदार बदलतो, कधी ‘शिकाऊ’ म्हणतात. यंत्र तेच, माणूस तोच, फक्त कागद नवा. त्या रांगेत निलंग्याचा आहे, गेवराईचा आहे, तसाच बिहारचा आणि ओडिशाचाही आहे. मराठी राज्याची मागणी म्हणजे त्या बिहारी पोराशी वैर नव्हे. त्याला त्याच्या गावी काम नाही, आणि याला याच्या गावी नाही. दोघांना एकाच मुकादमाने ‘मुक्त’ केले आहे. त्यांना एकमेकांवर घालून मालकाची करमणूक करू नका. मराठीचा हक्क मागायचा तो गेटाच्या आतल्या कागदावर, शेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या ताटात नव्हे.

चार प्रश्न

शेवटी, घरी जाताना बरोबर न्यायला चार प्रश्न देतो. कुणीही, आम्हीसुद्धा, ‘मुक्ती’ म्हटले की हे विचारा.

पहिला, कुणाची? कामगाराची, की कामगारापासून मालकाची?

दुसरा, कशापासून? ज्यापासून सुटलो ते बंधन होते, की तो आपला आधार होता? जू काढणे वेगळे आणि जमीन काढून घेणे वेगळे.

तिसरा, कुणी केली? आपण मिळवली, की कुणी सोडून दिले? ज्याला सोडले, त्याला पुन्हा धरता येते.

चौथा, हातात काय राहिले? चाकणच्या बाईच्या हातात सातबारा राहिला. लोखंड्यांच्या कामगाराच्या हातात रविवार राहिला. तुमच्या हातात काय आहे ते मूठ उघडून पाहा.

या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका. न कळणाऱ्या भाषेत कागद आला तर ‘मराठीत द्या’ म्हणा. एकट्याने म्हणायची भीती वाटली तर दहाजणांनी मिळून म्हणा. निलंग्याच्या त्या मुलाने आता तेवढे केले आहे. बरोबरच्या अकराजणांना घेऊन तो कंत्राटदाराच्या दारात गेला, आणि देण्याचा हिशेब मराठीत लिहून मागितला. पहिल्या दिवशी मिळाला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मिळाला. नोकरी परत मिळालेली नाही, तेव्हा आम्ही विजयाचे नगारे वाजवणार नाही. पण हिशेबात अठरा दिवसांचा जादा कामाचा पगार दडला होता, तो त्याने आपल्या भाषेत वाचला आणि वसूल केला. आमचे साचेवाले काका तेव्हा म्हणाले, “हां, आता पोरगा थोडा मुक्त झाला.”

थोडा, बंधूंनो. एवढ्यावर थांबायचे नाही. उरलेली मुक्ती आपल्याला मिळून करायची आहे, बेळगावच्या चौकातही आणि चाकणच्या गेटावरही.

कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!